रिपोर्टवर ‘इनकन्क्लूसिव्ह’ आलं, तर काय समजायचं?

संध्याकाळी लॅबचा रिपोर्ट मोबाइलवर येतो आणि डॉक्टर भेटणार असतात दुसऱ्या दिवशी. मग घरातच रिपोर्टचं वाचन सुरू होतं. निकालाच्या रकान्यात पॉझिटिव्ह नाही, निगेटिव्हही नाही; तिथे लिहिलंय ‘इनकन्क्लूसिव्ह’. एकजण म्हणतो, “म्हणजे काही निघालं नाही. सुटलो!” दुसऱ्याला शंका येते, “काहीतरी असल्याशिवाय असं लिहितील का?” पहिल्याने त्या शब्दाचा अर्थ ‘नाही’ असा घेतला, दुसऱ्याने ‘बहुधा हो’ असा. शब्द यातलं काहीच म्हणत नसतो.

कोविडच्या काळात आरटीपीसीआरच्या रिपोर्टांमुळे हे इंग्रजी विशेषण घरोघरी पोचलं. त्याआधी ते भेटायचं इंग्रजी वर्तमानपत्रांत, कोर्टाच्या निकालपत्रांत आणि क्रिकेटच्या समालोचनात. आता रिपोर्ट वाचताना, बातमीचं भाषांतर करताना, परीक्षेत निबंध लिहिताना, ऑफिसात अहवाल देताना ते आपल्यालाही लागतं. ते नीट वाचता यावं आणि नीट वापरता यावं, एवढ्यासाठी हा लेख.

हा शब्द कशाबद्दल बोलतो?

एक गोष्ट पक्की धरा, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. इनकन्क्लूसिव्ह हा शब्द पुराव्याबद्दल बोलतो, वस्तुस्थितीबद्दल नाही. तपासणी झाली, माहिती गोळा झाली, चर्चाही झाली. पण हाती आलं त्यावरून ‘हो’ म्हणता येत नाही आणि ‘नाही’ही म्हणता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आजार आहे की नाही, माणूस दोषी आहे की नाही, औषध लागू पडतं की नाही, हे प्रश्न होते तिथेच राहतात. फोटो हलला म्हणजे समोर माणूस नव्हता असं होत नाही आणि होताच असंही ठरत नाही, तसंच हे.

म्हणून हा शब्द दिसला की ‘आता खरं काय?’ हा प्रश्न मागे ठेवा आणि दोन वेगळे प्रश्न विचारा. पुराव्यात कमी काय पडलं? आणि ते भरून काढण्यासाठी पुढे काय करायचं?

वैद्यकीय रिपोर्ट कसा वाचायचा?

क्षयरोगाचंच उदाहरण घेऊ. थुंकीची तपासणी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर होते. रिपोर्टवर बहुधा दोन ओळी असतात. पहिली सांगते की क्षयाचे जंतू सापडले की नाही. दुसरी सांगते की ते जंतू रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद देतात की नाही. कधी पहिल्या ओळीत ‘एमटीबी डिटेक्टेड’ येतं आणि दुसरीत ‘रिफ रेझिस्टन्स इनडिटरमिनेट’. इथे पुष्कळजण गडबडतात आणि अख्खा रिपोर्टच कच्चा आहे असं समजून घरी बसतात. वास्तविक पहिली ओळ ठाम आहे: क्षय आहे. अडलंय ते फक्त दुसऱ्या ओळीचं. नमुन्यात जंतू इतके थोडे होते की औषधाबद्दलचा भाग यंत्राला वाचता आला नाही. अशा वेळी थुंकीचा नवा नमुना देऊन तपासणी पुन्हा करायची असते. रिपोर्टमधली नेमकी कोणती ओळ अनिर्णायक आहे, हे आधी पाहायचं ते यासाठी.

थायरॉइडच्या गाठीत सुई घालून पेशी काढतात, त्या एफएनएसी तपासणीचे निकाल बेथेस्डा पद्धतीने सहा गटांत देतात. पहिला गट ‘नॉनडायग्नॉस्टिक’. याचा अर्थ पेशी पुरेशा मिळाल्या नाहीत. निदान सहा पुंजके हवेत आणि प्रत्येकात निदान दहा पेशी, असा ढोबळ दंडक आहे. तेवढ्या नसतील तर पॅथॉलॉजिस्ट मत देत नाहीत आणि ते योग्यच आहे. तिसरा गट वेगळा. तिथे पेशी भरपूर असतात, पण त्यांचं रूप धड निरोगी नाही आणि धड कर्करोगाचंही नाही. घरच्या भाषेत दोन्हींना आपण ‘नक्की कळलं नाही’ असंच म्हणू, पण पुढची वाट वेगळी असू शकते. पहिल्या गटात मुख्य काम नमुना नीट घेण्याचं, तेव्हा बहुधा सोनोग्राफीच्या मदतीने पुन्हा सुई घालतात. तिसऱ्या गटात डॉक्टर गाठीचा आकार आणि सोनोग्राफीतलं तिचं रूप पाहून ठरवतात: पुन्हा एफएनएसी, जनुकीय तपासणी, नुसती देखरेख की शस्त्रक्रिया.

डेंग्यूत बरंच काही दिवसांच्या हिशेबावर असतं. एनएस-वन ही तपासणी तापाच्या पहिल्या काही दिवसांत उपयोगी. आयजीएम प्रतिपिंडं साधारण पाचव्या दिवसाच्या आसपास दिसू लागतात. मधल्या काळात रक्त दिलं तर आकडा सीमारेषेवर येऊ शकतो आणि रिपोर्टवर ‘इक्विव्होकल’ असं लिहिलं जातं. म्हणून ताप कोणत्या दिवशी सुरू झाला हे लॅबला आणि डॉक्टरांना आठवणीने सांगा. काही दिवसांनी दिलेल्या दुसऱ्या नमुन्यात चित्र पुष्कळदा स्पष्ट होतं. तोवर रिपोर्टकडे कमी आणि रुग्णाकडे जास्त लक्ष द्या. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, विलक्षण मरगळ यांपैकी काहीही दिसलं तर पुढच्या रिपोर्टची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

गरोदरपणातल्या एनआयपीटी तपासणीतही असं घडतं. आईच्या रक्तात वारेतून आलेला डीएनए असतो, त्यावरून बाळातले काही गुणसूत्रदोष ताडता येतात. ही तपासणी दहाव्या आठवड्यानंतर करतात. त्या डीएनएचं प्रमाण साधारण चार टक्क्यांच्या खाली असेल, तर अनेक लॅब निकाल देत नाहीत. अशा वेळी काही दिवस थांबून पुन्हा रक्त द्यायला सांगतात किंवा डॉक्टर दुसरी तपासणी सुचवतात. निकाल आला नाही म्हणजे बाळात दोष आहे असं नव्हे आणि तपासणी पार पडली असंही नव्हे.

शेजारचे शब्द

रिपोर्टांत या कुटुंबातले बरेच शब्द येतात. त्यांचे अर्थ जवळजवळचे आहेत, पण एक नाहीत.

‘इनव्हॅलिड’ म्हणजे तपासणीच फसली. कोविडच्या घरगुती किटवर ‘सी’ अक्षराजवळची रेघ उमटली नाही, तर ‘टी’जवळ काय दिसतं याला काहीच किंमत नाही. किट फेकून नवं घ्या.

‘इनडिटरमिनेट’ आणि ‘इक्विव्होकल’ हे इनकन्क्लूसिव्हचे सख्खे भाऊ. पहिल्यात निकाल ठरवता आला नाही, दुसऱ्यात आकडा दोन मर्यादांच्या मधोमध अडकला. पुढची कृती साधारण सारखीच असते: पुन्हा तपासणी किंवा वेगळी तपासणी.

‘बॉर्डरलाइन’चा वापर अनेकदा वेगळा असतो. इथे आकडा व्यवस्थित मिळालेला असतो, फक्त तो सीमेजवळचा असतो. जेवणाआधीची साखर नेहमीपेक्षा थोडी जास्त, एवढाच त्याचा अर्थ. याला अनिर्णायक म्हणू नका; हा पथ्य पाळायचा इशारा आहे.

‘प्रोव्हिजनल’ म्हणजे तात्पुरता. उत्तर मिळालंय, पण शिक्कामोर्तब व्हायचंय. ‘पेंडिंग’ म्हणजे उत्तर यायचंच आहे. शवविच्छेदनानंतर ‘व्हिसेरा राखून ठेवला’ अशी बातमी येते, तेव्हा मृत्यूच्या कारणाबद्दलचं मत पेंडिंग असतं. पुढे रासायनिक विश्लेषणातूनही कारण ठरवता आलं नाही, तर मग इनकन्क्लूसिव्ह म्हणायची वेळ येते.

आणि ‘निगेटिव्ह’ तर पूर्ण वेगळा. तो निकाल आहे. कोविडच्या सुरुवातीला हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनबद्दलचे छोटे अभ्यास इनकन्क्लूसिव्ह होते. रुग्ण थोडे, तुलना कच्ची. मग ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत साडेचार हजारांहून अधिक रुग्णांची तुलना झाली आणि जून 2020 मध्ये संशोधकांनी सांगितलं की रुग्णालयात दाखल झालेल्यांचे मृत्यू या औषधाने कमी होत नाहीत. आधी ‘माहीत नाही’ होतं, नंतर ‘उपयोग नाही’ हे माहीत झालं. या दोन वाक्यांमध्ये साडेचार हजार रुग्णांच्या पुराव्याचं अंतर आहे.

डॉक्टरांना काय विचाराल?

रिपोर्ट घेऊन जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या.

1. अनिर्णायक नेमकं काय आहे? पूर्ण रिपोर्ट, की त्यातली एखादीच ओळ?
2. कारण कोणतं? नमुना कमी पडला, चुकीच्या दिवशी घेतला, की नमुना चांगला असूनही निकाल मधला आला?
3. हीच तपासणी पुन्हा करायची की दुसरी? किती दिवसांनी?
4. तोवर औषध, पथ्य, कामावर जाणं, घरातल्यांपासून वेगळं राहणं, याचं काय?
5. कोणती लक्षणं दिसली तर ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नाही?

नमुना अपुरा होता म्हणून तपासणी पुन्हा करायची असेल, तर तिचे वेगळे पैसे पडणार का, हेही लॅबला विचारून घ्या. विचारण्यात संकोच नको. जुना रिपोर्ट टाकून देऊ नका. दुसरा रिपोर्ट त्याच्या शेजारी ठेवूनच वाचला जातो.

मग निर्णय कुणाच्या बाजूने?

पुरावा अनिर्णायक असला तरी काही ठिकाणी निर्णय द्यावाच लागतो. अशा प्रत्येक क्षेत्राने आपला नियम आधीच ठरवून ठेवलेला असतो. तो माहीत असला की बातमी समजते.

क्रिकेटमध्ये खेळाडूने डीआरएस घेतला आणि तिसऱ्या पंचाला रिप्लेमधून ठोस काही दिसलं नाही, तर मैदानावरच्या पंचाचा निर्णय कायम राहतो. पायचीतच्या अपिलात चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टींना लागताना दिसला, तरी ‘अंपायर्स कॉल’ म्हणून मूळ निर्णयच टिकतो. झेलाच्या बाबतीत पूर्वी मैदानावरचे पंच आपला कल आधी सांगत, त्याला ‘सॉफ्ट सिग्नल’ म्हणत. तो आयसीसीने जून 2023 पासून काढून टाकला. त्याच महिन्यात ओव्हलवर जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात कॅमेरून ग्रीनने शुभमन गिलचा झेल घेतला. बोटं चेंडूखाली होती की नाही यावर भरपूर वाद झाला, पण तिसऱ्या पंचाने आपल्या जबाबदारीवर गिलला बाद दिलं. प्रेक्षकांच्या लेखी पुरावा इनकन्क्लूसिव्ह होता, पंचाच्या लेखी नव्हता. शेवटी चाललं ते पंचाचं मत.

फौजदारी खटल्यात नियम आरोपीच्या बाजूने झुकतो. पुराव्यावरून गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाला नाही, तर संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. ‘पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता’ या नेहमीच्या बातमीमागे हेच असतं. याच्या विरुद्ध टोकाला ‘कन्क्लूसिव्ह प्रूफ’, म्हणजे निर्णायक पुरावा. कायद्याने एखाद्या गोष्टीला निर्णायक पुरावा म्हटलं की ती खोडून काढणारा पुरावा न्यायालय घेत नाही. वैध विवाह चालू असताना जन्मलेलं मूल औरस मानायचं, हे त्याचं जुनं उदाहरण. त्या काळात पतीपत्नींचा संबंध येणं शक्यच नव्हतं असं दाखवता आलं, तरच अपवाद. 1872 च्या पुरावा कायद्यात हे कलम 112 होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते 116 आहे. ‘कन्क्लूसिव्ह’ हा शब्द कायद्यात इतका वजनदार असल्यामुळे अर्जात किंवा तक्रारीत तो सैल हाताने लिहू नये.

‘अजून सिद्ध झालेलं नाही’ कोण म्हणतंय?

हा शब्द प्रामाणिक आहे, पण त्याचा वापर नेहमी प्रामाणिक असतो असं नाही. 1950 मध्ये ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल यांनी, तर अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहम यांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे अभ्यास प्रसिद्ध केले. 4 जानेवारी 1954 रोजी अमेरिकेतल्या तंबाखू कंपन्यांनी चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत जाहिरात दिली. सिगारेटविरुद्धचा पुरावा निर्णायक नाही, असा तिचा सूर होता. पुढची कैक वर्षं हाच धागा ओढला गेला. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल 11 जानेवारी 1964 रोजी आला आणि धूम्रपानामुळे पुरुषांना फुप्फुसाचा कर्करोग होतो हे सरकारी पातळीवर स्पष्ट सांगितलं गेलं. मधली दहा वर्षं लोक सिगारेटी ओढतच होते.

यावरून घ्यायचा धडा असा: एखादं खाद्य, औषध, कीटकनाशक किंवा कारखान्याचं सांडपाणी यांबद्दल ‘पुरावा इनकन्क्लूसिव्ह आहे’ असं कुणी म्हटलं, तर अभ्यास किती झाले, केवढे झाले, पैसा कुणाचा होता आणि थांबण्यात फायदा कुणाचा आहे, हे पाहा. एकच लहानसा अभ्यास झाला असेल, तर शब्द बरोबर असेल. अनेक मोठे अभ्यास एकाच बाजूला बोट दाखवत असतील, तर शब्द चुकीचा आहे.

इंग्रजीत लिहिताना, बोलताना

आधी उच्चार. ‘कन्क्लूझन’मध्ये ‘झ’ येतो म्हणून पुष्कळजण ‘इनकन्क्लुझिव्ह’ म्हणतात. इंग्रजीत इथे ‘स’ आहे: इन-कन्-क्लू-सिव्ह, आणि जोर ‘क्लू’वर.

हे विशेषण लागतं ते पुरावा, निकाल, तपासणी, माहिती, संशोधन, चर्चा, मतदान, लढाई अशा गोष्टींना. ‘द टेस्ट वॉज इनकन्क्लूसिव्ह’, ‘द एव्हिडन्स रिमेन्स इनकन्क्लूसिव्ह’, ‘द टॉक्स एंडेड इनकन्क्लूसिव्हली’ ही सगळी चालणारी वाक्यं. कशाबद्दल ते सांगायचं असेल तर ‘ऑन’ वापरा: ‘द रिपोर्ट इज इनकन्क्लूसिव्ह ऑन द कॉज ऑफ द फायर’. प्रमाण दाखवायला ‘लार्जली’ किंवा ‘सो फार’ शोभतं; ‘व्हेरी इनकन्क्लूसिव्ह’ कानाला खटकतं.

माणसाला मात्र हे विशेषण लावू नका. ‘आय अॅम इनकन्क्लूसिव्ह अबाउट द जॉब’ हे चूक. तिथे ‘अनडिसायडेड’ हवं. स्वभावच धरसोडीचा असेल तर ‘इनडिसिसिव्ह’. मतदारांनी कुणालाही स्पष्ट बहुमत दिलं नाही तर निवडणुकीला ‘इनकन्क्लूसिव्ह’ म्हणतात. इस्रायलमध्ये एप्रिल 2019 ते नोव्हेंबर 2022 या काळात पाच निवडणुका झाल्या, तेव्हा इंग्रजी बातम्यांत हा शब्द सारखा येत होता. युद्धालाही तो लागतो. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात 1779 मध्ये वडगावला इंग्रजांना शरण यावं लागलं, म्हणून त्या लढाईला ‘डिसिसिव्ह’ म्हणता येईल. पण 1782 च्या सालबाईच्या तहाने युद्ध संपलं तेव्हा साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई मराठ्यांना परत मिळाली आणि पेशवेपद सवाई माधवरावांकडेच राहिलं. कोण जिंकलं हे एका शब्दात सांगणं अवघड, म्हणून अख्ख्या युद्धाला इनकन्क्लूसिव्ह म्हणता येतं.

मराठीत काय लिहाल?

सर्वांत जवळचा शब्द ‘अनिर्णायक’. ‘पुरावा अनिर्णायक आहे’ हे नेमकं आहे. ‘अनिर्णित’ क्रीडा पानाने कसोटी सामन्यासाठी राखून ठेवलाय, तो तिथेच राहू द्या. टाय झालेल्या सामन्यालाही तो लावू नका. 1986 मध्ये चेन्नईला भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी टाय झाली, म्हणजे धावा सारख्या झाल्या. तो सामना बरोबरीत सुटला.

‘संशयास्पद’ हे सर्वांत घातक भाषांतर. रिपोर्ट अनिर्णायक असताना तो संशयास्पद आहे असं लिहिलं, तर रुग्णाच्या घरी रात्रभर झोप लागत नाही. ‘संदिग्ध’ म्हणजे ज्याचे दोन अर्थ निघतात ते. विधान संदिग्ध असतं, तपासणी नव्हे. चर्चेबाबत ‘निष्फळ’ लिहायची सवय आहे, पण निष्फळ म्हणजे फुकट गेलेली. पुढची फेरी ठरली असेल तर ‘चर्चेत निर्णय झाला नाही’ हे साधं वाक्य जास्त खरं. घरच्या वडीलधाऱ्यांना रिपोर्ट समजावताना तर एकाही जड शब्दाची गरज नाही. ‘या तपासणीतून नक्की कळलं नाही, पुन्हा करायला सांगितलीय’, एवढं पुरे.

रिपोर्टवर हा शब्द आलाच, तर इंटरनेटवर त्याचा अर्थ शोधत रात्र घालवू नका आणि रिपोर्ट कपाटातही ठेवू नका. तो डॉक्टरांना दाखवा, पुढची तपासणी कोणती ते विचारा आणि तिची तारीख घेऊनच दवाखान्यातून बाहेर पडा.